चर्चागट बंद करताय, तर आमचं दप्तर आमच्या हाती द्या

प्रति,
आंतरराष्ट्रीय विकास संस्थांचे ऑनलाइन चर्चागट चालवणारे संचालक आणि त्यांना निधी देणाऱ्या संस्था यांस,

सप्रेम नमस्कार.

खाऱ्या पाण्याच्या काठावर शेती करणाऱ्यांसाठी आपण चालवत असलेला ईमेल चर्चागट लवकरच बंद होणार, असं आपलं पत्र आलं. पत्र इंग्रजीत, चार ओळींचं. जुनी व्यवस्था कालबाह्य झाली आहे, सदस्यांनी नव्या मंचावर खातं उघडावं, ॲप घ्यावं, यापुढची चर्चा तिथे आणि दरमहा होणाऱ्या व्हिडिओ बैठकांत होईल, एवढाच मजकूर. इतकी वर्षं आम्ही एकमेकांना लिहिलं त्या पत्रव्यवहाराचं पुढे काय होणार, याबद्दल त्यात अवाक्षर नाही. मी विचारणा केली, तेव्हा यंत्राने पाठवलेली पोच तेवढी आली. म्हणून हे पत्र सगळ्यांना वाचता येईल असं लिहिते आहे. संस्थेचं नाव मुद्दाम घेत नाही. असे निर्णय विकासाच्या क्षेत्रात जागोजागी घेतले जात आहेत, आणि ज्यांनी ते घेतले किंवा जे घेण्याच्या बेतात आहेत, त्या सगळ्यांना माझं म्हणणं लागू आहे.

मी पेडणे तालुक्यातली. आमचं घर खाजन शेतीवर वाढलं. आमच्या कूळ संघाचं, म्हणजे खाजन कसणाऱ्या कुळांच्या संघटनेचं, लिहिण्यावाचण्याचं काम गेली अनेक वर्षं माझ्याकडे आहे: अर्ज, ठराव, बांधाच्या दुरुस्तीचे प्रस्ताव, आणि आपल्या चर्चागटातली पत्रंही.

गोव्याबाहेरच्या वाचकांसाठी खाजन म्हणजे काय ते सांगायला हवं, त्याशिवाय माझी तक्रार समजणार नाही. भरतीचं खारं पाणी नदीत जिथवर चढतं, तिथल्या सखल जमिनी आमच्या पूर्वजांनी शेकडो वर्षांपूर्वी बांध घालून शेतीखाली आणल्या. बांध चिखलमातीचा, त्यात पेंढा आणि बांबू, नदीच्या अंगाला जांभ्या दगडाचा आधार. बांधात ठरावीक जागी मानस असते, म्हणजे पाणी आत-बाहेर सोडणारं लाकडी दारांचं तोंड. सुकतीला, म्हणजे ओहोटीला, आतल्या पाण्याच्या दाबाने ही दारं उघडतात आणि पावसाचं जादा पाणी नदीत जातं. भरती चढली की बाहेरच्या पाण्याच्या रेट्याने तीच दारं मिटतात. मोटर नाही, वीज नाही. पावसाळ्यात आत खारेपणा सोसणारं कोरगूट भात होतं, मानशीवर जाळं लावून मासळी मिळते आणि त्या मासळीच्या हक्काची पावणी, म्हणजे लिलाव, होते. गोव्यात अशी जमीन सुमारे १८,००० हेक्टर आहे.

हे सगळं राखणीवर टिकतं. बांधात कुर्लीने, म्हणजे खेकड्याने, बीळ केलं आणि ते वेळेत दिसलं नाही, तर अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणात तिथूनच भगदाड पडतं. खारं पाणी एकदा शेतात शिरलं की जमीन पुन्हा गोडी व्हायला पावसाळे जावे लागतात. पूर्वी या राखणीची व्यवस्था कोमुनिदाद, म्हणजे गावकऱ्यांची सामाईक जमीन सांभाळणारी संस्था, बघत असे. १९६४ चा कूळ कायदा आणि १९७६ ची त्यातली दुरुस्ती यांनी कसणाऱ्याला जमिनीचा हक्क मिळाला, हे न्याय्यच झालं. पण बांधाची जबाबदारी ज्या कूळ संघांकडे आली, त्यांच्या हाती ना पुरेसा पैसा होता ना जुन्या जाणकारांची फळी. मानशीची दारं कुठल्या लाकडाची करावीत, बीळ कशाने बुजवावं, हे सांगणारी माणसं एकेक करून गेली. त्या पोकळीत आम्हाला आपला चर्चागट सापडला.

तिथे काय घडत होतं, हे आपल्या कार्यालयातल्या किती जणांना ठाऊक आहे, मला माहीत नाही. म्हणून एक उदाहरण सविस्तर सांगते.

पश्चिम आफ्रिकेत गिनी-बिसाऊ नावाचा छोटा देश आहे. तिथले बालांता शेतकरी खारफुटीच्या दलदलीत बांध घालून भात पिकवतात. लांब दांड्याच्या लाकडी फावड्याने ते बांध रचतात आणि पाणी काढायला पूर्वी झाडाचं खोड पोखरून त्याची नळी बांधात बसवत. आता बहुतेक ठिकाणी प्लास्टिकचे पाइप आले आहेत. त्यांच्यासोबत काम करणाऱ्या एका कार्यकर्त्याने गटात प्रश्न टाकला, तोही पोर्तुगीजमध्ये: पाइपाच्या भोवतीने माती सुटते आणि खेकडे तिथेच बिळं करतात, तुमच्याकडे काय करतात? गटातल्या बहुतेकांना तो कळला नाही. आमच्या गावात १९६१ पूर्वी पोर्तुगीज शाळेत शिकलेले एक वृद्ध गुरुजी होते. मी फोनवरचा मजकूर त्यांना मोठ्या अक्षरांत करून दाखवला. ते वाचत गेले, मी मराठीत उतरवून घेतलं, आणि संध्याकाळी बांधावर बसून आमच्या जुन्या शेतकऱ्यांना ऐकवलं. त्यांनी उत्तर सांगितलं: जोडाच्या ठिकाणी सैल माती कधी टाकू नये, चिखल पायाने तुडवून, पेंढा मिसळून, थरावर थर द्यावा, पहिला थर ओलसर असतानाच दुसरा, आणि उधाणाच्या आदल्या सुकतीला बांधावरून चालत जाऊन आतल्या अंगाला कुठे ओल दिसते ते बघावं, कारण गळती आधी आतून दिसते. गुरुजींनी ते पोर्तुगीजमध्ये लिहून दिलं. काही दिवसांनी तिकडून फोटो आले, तुडवलेल्या चिखलाचे, पायांच्या ठशांसकट. आमच्या लोकांनी ते फोटो हातोहात फिरवले. आपल्या गावच्या रीतीचा कुणाला उपयोग होतो, हे त्यांच्यातल्या कित्येकांना पहिल्यांदाच दिसत होतं.

आम्हीही घेतलं. आमच्याकडे मातीचा बांध काढून सरळ काँक्रीटची भिंत घालावी, असा आग्रह वारंवार होतो. बांगलादेशातल्या खुलना भागातून या विषयावर जी पत्रं आली, त्यांनी आमचे डोळे उघडले. तिथे १९६० च्या दशकापासून किनाऱ्यावर मोठे बांध घालून १३९ पोल्डर, म्हणजे चहूबाजूंनी बांध घातलेले सखल जमिनीचे पट्टे, तयार केले गेले. भरतीबरोबर येणारा गाळ शेतात पसरायचा थांबला, नदीच्या पात्रातच साठू लागला, पात्रं उथळ झाली आणि आतलं पाणी बाहेर जाईना. १९९० मध्ये बील डाकातिया या तिथल्या पाणथळ भागातल्या लोकांनी स्वतःच बांध कापून भरती आत घेतली, आणि पुढे त्याच रीतीला सरकारी पाणीव्यवस्थापनात जागा मिळाली. खाऱ्या जमिनीत पोक्कळी भात पिकवणाऱ्या केरळच्या शेतकऱ्यांनी पावसात भात आणि नंतर कोळंबी यांचं वेळापत्रक आम्हाला बारकाईने लिहून पाठवलं. हे ज्ञान पुस्तकांतही मिळेल, पण "आमच्या मानशीचं दार असं सुजलंय, काय करू" या प्रश्नाला पुस्तक उत्तर देत नाही.

आता माझ्या तक्रारी.

सगळ्यात मोठी तक्रार जुन्या पत्रांची. ती पत्रं आपली मालमत्ता नाहीत. आपण जागा दिलीत, त्याबद्दल आम्ही मनापासून ऋणी आहोत, पण लिहिलं आम्ही. सांगणारी काही माणसं आता हयात नाहीत, गुरुजीही गेले. त्यांचं सांगणं त्या पत्रांत आहे आणि दुसरीकडे कुठेही नाही. मंच बदलला की जुनं सगळं पुसून टाकायचं, हा प्रकार जगाने नुकताच पाहिला आहे. याहू ग्रुप्स या ऑनलाइन चर्चागटांच्या सेवेने डिसेंबर २०१९ मध्ये जुना मजकूर काढून टाकायचं ठरवलं, ओरड झाल्यावर आपापला मजकूर उतरवून घ्यायला थोडी मुदत वाढवली आणि १५ डिसेंबर २०२० ला ती सेवा कायमची बंद केली. ती नफ्यासाठी चाललेली कंपनी होती. लोकांच्या ज्ञानाचा आदर हेच आपलं काम असं सांगणाऱ्या संस्थांनी निदान तिच्यापेक्षा बरं वागावं, एवढी अपेक्षा गैर आहे का?

आमची रीत दुसऱ्याने लिहून नेण्याचा अनुभव गोव्याला नवा नाही. १५२६ मध्ये आफोन्सो मेशिया या पोर्तुगीज अधिकाऱ्याने तिसवाडीतल्या गावांच्या चालीरीती फोराल नावाच्या सनदेत नोंदवल्या, त्या महसुलाच्या सोयीसाठी. तरीही तो कागद जपला गेला, म्हणून आज त्या गावांच्या व्यवस्थेबद्दल काही सांगता येतं. पाचशे वर्षांपूर्वीच्या राजवटीने जपलेला कागद आपल्यापर्यंत येतो आणि लोककल्याणासाठी जमवलेली या शतकातली पत्रं एका बटणासरशी नाहीशी होणार, हे मला पटत नाही.

दुसरी गोष्ट ईमेलची. आपण त्याला कालबाह्य म्हणता. पण हे चर्चागट ईमेलवर उभे राहिले ते विचारपूर्वक. २००२ मध्ये अनेक विकास संस्थांनी मिळून डीग्रुप्स हा ईमेल चर्चागटांचा मंच सुरू केला, तेव्हा त्यामागचा मुख्य विचारच हा होता की ज्यांच्याकडे इंटरनेटचा वेग कमी आहे त्यांनाही साध्या ईमेलवरून चर्चेत भाग घेता यावा. भारतात २००५ पासून संयुक्त राष्ट्रांच्या संस्थांनी चालवलेलं सोल्यूशन एक्स्चेंजही ईमेलवरच होतं. कुणी प्रश्न विचारला की देशभरातून उत्तरं येत, आणि समन्वयक ती वाचून, निवडून, एकत्रित उत्तर तयार करून सगळ्यांना पाठवत. आम्हा गोंयकारांसाठी तर १९९४ मध्येच हर्मन कार्नेरो या तरुणाने गोवानेट सुरू केलं आणि जगभर पांगलेले गोंयकार ईमेलवरून एकमेकांशी बोलू, भांडू, मदत करू लागले. ईमेल साध्या फोनवर उघडतं. पावसात वीज गेली, रेंज गेली, तरी आलेलं पत्र नंतर वाचता येतं. छापून भिंतीवर लावता येतं. आमच्या संघात फोन एकाचा आणि वाचणारे दहा असतात, हे आपल्या नव्या मंचाच्या हिशेबात कुठे बसतं? तिथे प्रत्येकाने स्वतंत्र खातं उघडायचं, पासवर्ड ठेवायचा, ॲप दर थोड्या दिवसांनी अद्ययावत करायचं. बांधावर उभा असलेला माणूस यातलं काहीही करणार नाही, आणि त्याला बोल लावण्यात अर्थ नाही.

व्हिडिओ बैठकांबद्दल फार लिहीत नाही. बैठकांची वेळ युरोपाच्या घड्याळाने ठरते, आणि रोममध्ये दुपारचे तीन वाजतात तेव्हा आमच्याकडे संध्याकाळचे साडेसहा-साडेसात झालेले असतात. ती वेळ बायकांची चुलीपाशी असण्याची. बैठकीत इंग्रजी सराईत बोलणारेच बोलतात, बाकीचे आवाज बंद करून बसतात. पत्रात माणूस विचार करून, कुणाला तरी विचारून, दोन दिवसांनी लिहू शकतो. बैठकीत त्याला दोन मिनिटं मिळतात.

भाषेचा मुद्दा मात्र मी सोडणार नाही. गोव्याच्या १९८७ च्या राजभाषा कायद्यात कोकणी राजभाषा आहे आणि मराठीलाही सरकारी कामकाजात स्थान आहे. आमच्या पंचायतीत, देवळात, वर्तमानपत्रात मराठी चालते. घरात कोकणी आणि मराठी दोन्ही. २०११ च्या जनगणनेत देशात आठ कोटींहून अधिक लोकांनी मराठी ही मातृभाषा नोंदवली. तरी आपल्या गटात एखाद्या शेतकऱ्याने मराठीत लिहिलं की "कृपया इंग्रजीत लिहा" अशी सूचना यायची. मी ते पत्र इंग्रजीत करून पुन्हा पाठवायचे. असं काम माझ्यासारख्या कितीतरी जणींनी, जणांनी विनामोबदला केलं आहे, बंगालीतून, मल्याळममधून, पोर्तुगीजमधून. आपल्या वार्षिक अहवालांत सदस्यसंख्या येते, संदेशांची संख्या येते. भाषांतर करणाऱ्यांचा उल्लेख मी तरी कधी पाहिला नाही. नव्या मंचावर यंत्र भाषांतर करील असं आपण सांगता. करू दे, मी त्याला विरोध करत नाही. पण 'सुकती', 'मानस', 'पावणी' हे शब्द यंत्राला कळले की नाही, ते बघायला माणूस लागणारच, आणि त्या माणसाला मानधन द्यावं लागेल.

शेवटची तक्रार कटू आहे, तरी सांगते. आमच्या पत्रांतला मजकूर अहवालांत, माहितीपत्रकांत, परिषदांतल्या सादरीकरणांत आला आहे. चिखल तुडवून थर देण्याची रीत मी एका माहितीपुस्तिकेत "स्थानिक समुदायांकडून प्राप्त" अशा शब्दांत वाचली. कुठला समुदाय, कुठलं गाव, काही नाही. पुस्तिका इंग्रजीत, सुंदर कागदावर छापलेली. आमच्या गावात तिची एकही प्रत आली नाही. २०१० च्या नागोया करारात जैवविविधतेशी निगडित पारंपरिक ज्ञान वापरताना त्या समाजाची संमती घ्यावी आणि लाभात वाटा द्यावा, हे तत्त्व देशांनी मान्य केलं. बांधाची रीत त्या कराराच्या चौकटीत बसते की नाही, हे वकील ठरवतील. पण ज्याच्याकडून घेतलं त्याचं नाव सांगावं आणि छापलेलं त्याला आणून द्यावं, एवढ्यासाठी करार लागू नये.

२०१५ मध्ये शाश्वत विकासाची उद्दिष्टं मान्य करताना कुणालाही मागे ठेवणार नाही असं वचन सर्व राष्ट्रांनी दिलं. आपल्या प्रत्येक प्रस्तावाच्या पहिल्या पानावर ते असतं. चर्चेची जागा हलवताना त्याच वचनाने आपला निर्णय तपासून पाहा.

आमच्या मागण्या अशा.

गट बंद करायचाच असेल तर निदान एक वर्ष आधी कळवा, आणि सदस्य ज्या भाषांत लिहितात त्या भाषांत कळवा. तोपर्यंत आत्ताचा निर्णय स्थगित ठेवा.

सगळी जुनी पत्रं, फोटो आणि जोडलेल्या फायली, कुठल्याही ॲपशिवाय उघडतील अशा साध्या स्वरूपात सदस्यांना द्या. ज्यांना आपलं पत्र जाहीर नको असेल त्यांना ते काढून घेण्याची संधी आधी द्या. फोन नंबर, पत्ते झाकून टाका. उरलेल्या संग्रहाची प्रत प्रत्येक प्रदेशातल्या सार्वजनिक ग्रंथालयात ठेवा. गोव्यापुरतं सांगायचं तर पणजीत पाटो इथे कृष्णदास शामा राज्य मध्यवर्ती ग्रंथालय आहे, १८३२ पासून चालत आलेलं. तिथे ठेवण्याबाबत त्यांच्याशी रीतसर बोलणी करा. गोव्यातला पत्रव्यवहार, ओळखपत्रं, जे काही लागेल त्यात आमचा संघ मदत करील.

नवा मंच आणा, पण त्यावर येणारा प्रत्येक संदेश ईमेलने मिळेल आणि ईमेलनेच उत्तर देता येईल, अशी सोय पहिल्या दिवसापासून ठेवा. ही मागणी तंत्राच्या दृष्टीने अवघड नाही. वीस वर्षांपूर्वी आपणच ती करून दाखवली होती.

प्रत्येक भाषागटाला एक समन्वयक नेमा, त्याच प्रदेशातला, पगारी. निधी देणाऱ्यांना माझी खास विनंती आहे: नवं सॉफ्टवेअर विकत घ्यायला पैसे मंजूर होतात, माणसाच्या पगाराला होत नाहीत. आमचा गट चालला तो एका समन्वयक बाईंमुळे. त्या प्रत्येक प्रश्नाला योग्य माणूस शोधून त्याला वेगळं पत्र लिहायच्या, उत्तर आलं नाही तर आठवण करायच्या. त्यांचं पद कमी केलं आणि गट थंड पडत गेला. मग गट थंड पडला हेच तो बंद करण्याचं कारण म्हणून दाखवलं गेलं. हा क्रम उलटा करून सांगू नका.

आमच्या ज्ञानावरून काही छापलंत तर गावाचं नाव द्या, व्यक्तीची संमती असेल तर तिचं नाव द्या, आणि त्या गावच्या भाषेतली प्रत त्या गावच्या पंचायतीत पोचवा.

आणि या पत्राला उत्तर जाहीरपणे द्या, माणसाच्या सहीचं. खुलना, बिसाऊ आणि केरळमधल्या आमच्या सहकाऱ्यांना मी हे पत्र त्यांच्या त्यांच्या भाषेत पाठवते आहे. आपली व्यवस्था अजून चालू आहे तोवर ते आपल्याच चर्चागटातून जाईल.

आपली,
कूळ संघाची कार्यकर्ती
पेडणे, गोवा